नेब्रास्काचा चष्मेवाला: ‘सेफ्टी लास्ट’ची ब्लू-रे, काही महिने वापरल्यावर

‘सेफ्टी लास्ट’ या १९२३ च्या मूकपटाची, जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची ही डिस्क पावसाळ्यात घेतली आणि तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा हीच लागते. उंच इमारत चढताना घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा, गोल चष्मा लावलेला विनोदी नट हॅरल्ड लॉइड फोटोत बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो प्रसंग मात्र बराच उशिरा येतो. मला आधीचा भाग जास्त लागतो. लहान गावातला पोरगा शहरात येतो, दुकानात कापड विकतो आणि गावाकडच्या मुलीला आपण साहेब झालोय असं भासवतो. तिच्यासाठी साखळी घेताना एकेक नाणं हातातून सुटतं, तसतसा समोर दिसणाऱ्या जेवणाच्या ताटातला एकेक पदार्थ नाहीसा होतो. या जागी मी दरवेळी हसतो आणि दरवेळी पोटात कालवतं.

लॉइड स्वतः अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या बर्चर्ड या खेड्यात १८९३ साली जन्मला. वडिलांचा धंदा कुठेच टिकेना, म्हणून बिऱ्हाड सतत हलत राहिलं. याच राज्यातल्या ओमाहा शहरात त्याला जॉन लेन कॉनर नावाचा नट भेटला आणि नाटकाची वाट सापडली. मका आणि गुरांच्या या राज्याने हॉलिवूडला किती माणसं दिली! फ्रेड अस्टेअर आणि मार्लन ब्रँडो ओमाहाचे, हेन्री फोंडा ग्रँड आयलंडचा. फोंडाला ओमाहाच्या कम्युनिटी प्लेहाउसमध्ये आणलं ते ब्रँडोच्या आईने. लॉइडचं बर्चर्डमधलं जन्मघर आज जपून ठेवलेलं आहे. पडद्यावरच्या त्या पोराची धडपड इतकी खरी वाटते ती या मातीमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

१९१९ मध्ये फोटो काढताना नकली समजलेला बॉम्ब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. इमारतीवरची ही चढाई त्याने ते झाकणारा खास हातमोजा घालून केली. हे कळल्यावर तो उजवा हात कुठे टेकवतो, याकडेच लक्ष जातं. चित्र इतकं स्वच्छ आहे की हे निरखता येतं.

संगीताचे दोन ट्रॅक आहेत: कार्ल डेव्हिसचा वाद्यवृंद आणि गेलॉर्ड कार्टरचा ऑर्गन. आधी वाद्यवृंदच लावा, चढाईत तो श्वास रोखायला लावतो. संवादाच्या पाट्या इंग्रजीत आहेत, लहान मुलांना वाचून दाखवाव्या लागतात. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेयरवरच चालाव्यात अशा काढतात; ही डिस्क ‘ए’ विभागाची आहे आणि भारत ‘सी’मध्ये येतो, तेव्हा प्लेयर तपासूनच मागवा. छतांवर सेट उभारून चढाई कशी चित्रित केली, ते सांगणारी फीतही डिस्कवर आहे. ती चित्रपटाआधी लावू नका.