संथ, जड मेटल अल्बम: एलपी घ्यावा की सीडी?

नव्या मेटल बँडचा एखादा काळवंडलेला, संथ, छातीवर बसणारा अल्बम आवडलाय, स्ट्रीमिंगवर पाठ झालाय, आता विकत घ्यायचाय आणि एलपी की सीडी यावर गाडी अडलीय, अशा माणसासाठी हे लिहितोय. माझ्याकडे एकाच अल्बमचे दोन्ही आहेत. हौस म्हणून नाही, आधी एलपी घेतला आणि मग राहवेना म्हणून सीडी. बँडचं नाव घेत नाही, कारण पुढे जी तक्रार आहे ती त्यांच्या संगीताबद्दल नाही आणि पहिलाच अल्बम आहे बिचाऱ्यांचा.

अल्बम असा की चार गाणी, ४७ मिनिटं. एलपीच्या पहिल्या बाजूला दोन गाणी, २१ मिनिटं, दुसऱ्या बाजूला उरलेली दोन, २६ मिनिटं, त्यातलं शेवटचं एकटंच १७ मिनिटांचं. गिटार सी शार्पपर्यंत खाली उतरवलेल्या. ही वाट जुनीच आहे, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, तारा दाबताना त्रास व्हायचा, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'पर्यंत त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धे स्वर, खाली आणली होती. तारा सैल झाल्या, आवाज जड झाला, आणि पन्नास वर्षं लोक त्याच चिखलातून आनंदाने चाललेत.

एलपीच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट कव्हर. असल्या अल्बमचं चित्र बारा इंचांतच बघावं, सीडीवर ते धुक्यातलं झाड आहे की जळका माणूस आहे हे कळायला डोळे बारीक करावे लागतात. दुसरं म्हणजे पहिली बाजू. खोटं कशाला बोलू, माझ्या कानाला एलपीची पहिली बाजू सीडीपेक्षा बरी वाटते. ड्रमला जरा हवा आहे, रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, संपून पुढचा घाव बसेपर्यंत मधे जी शांतता असते ती खरंच शांत वाटते. सीडीवर सगळं कायम अंगावर आल्यासारखं. सगळा आवाज दाबून एकाच वरच्या पातळीला ठेवायचा हा रोग मेटलमध्ये जुना आहे, मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून केवढा गदारोळ झालेला, त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी वाजते हे ऐकणाऱ्यांनीच पकडलं होतं. त्यामुळे सीडी म्हणजे आपोआप चांगलं असं मी अजिबात म्हणत नाहीये.

मधेच उठून बाजू बदलायचा कंटाळा येतो असं बरेच जण म्हणतात. मला नाही येत. दोन जड गाण्यांनंतर उठून पाय मोकळे केलेले बरेच.

मला नडलं ते शेवटचं गाणं. म्हणजे शेवटच्या गाण्याची शेवटची चारेक मिनिटं. तिथे काय होतं तर सगळं थांबतं, एकटा बेस घुमत राहतो, त्यावर साध्या आवाजात दोन ओळी म्हटल्या जातात, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या, आणि मग ड्रमर चार ठोके देतो आणि सगळा डोंगर एकदम खाली येतो, सिम्बल्ससकट. अख्खा अल्बम त्या क्षणासाठी रचलाय. आणि एलपीवर नेमका तोच क्षण तबकडीच्या पार आतल्या खाचांमध्ये येऊन पडतो. तबकडी सारख्याच वेगाने फिरते, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यात बाजू २६ मिनिटांची, म्हणजे खाचा दाटीवाटीने कापायच्या, म्हणून मुळात आवाजच कमी ठेवलेला. मी व्हॉल्यूम वाढवला की बेसबरोबर चरचरही वाढते, आणि त्या पुटपुटण्यातला प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा उडतो.

फाटलेल्या आवाजासाठीच तर आपण मेटल ऐकतो असं कुणी म्हणेल. खरंय, पण गिटार फाटणं वेगळं आणि तबकडी फाटणं वेगळं. गिटार फाटते तेव्हा आवाज मोठा होतो, इथे उलट डोंगर कोसळायच्या वेळी सिम्बल्स सॅंडपेपरसारख्या घासतात आणि सगळं लहान होऊन बसतं. मी रेकॉर्ड धुतली, सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचा कोन पुन्हा लावला, शेवटी सुई बदलली. थोडा फरक पडला, नाही असं नाही. मग एका मित्राच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच चांगल्या टर्नटेबलवर लावून बघितली. त्याने ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा पहिली बाजू लावली.

त्याच आठवड्यात सीडी मागवली. मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीची आवाजाची शेवटची जुळवाजुळव, दाबलेलंच आहे, ड्रमला हवा नाही, पण ती चार मिनिटं शाबूत आहेत. पुटपुटणं स्वच्छ, आणि डोंगर डोंगराएवढा. सीडीला पहिलं मिनिट काय आणि शेवटचं काय, सारखंच.

आता हे माझ्या एका रेकॉर्डवरून आणि माझ्या कानांवरून, तुमचं मशीन चांगलं असेल तर कदाचित इतकं खटकणारही नाही. तुमचा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत असेल, किंवा दोन तबकड्यांवर चार बाजूंत पसरवलेला असेल, तर बिनधास्त एलपी घ्या, मीही तोच घेईन. पण घेण्याआधी एका बाजूला किती मिनिटं आहेत ते बघा, बावीसच्या वर आकडा गेला की मी तरी हात आखडता घेतो. आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात जड गाणं शेवटी असेल, आणि या प्रकारात बहुतेक वेळा ते शेवटीच असतं, तर मला वाटतं सीडीच. स्लीप या बँडचा 'डोपस्मोकर' तर एकच गाणं आहे तासाभराहून मोठं, एलपीवर त्याचे तुकडेच करावे लागतात, सीडीवर ते एका दमात मावतं.

स्ट्रीमिंग यात का धरलं नाही? कारण शेवटचा फीडबॅक विरतोय, खोलीत काही सेकंद कुणी बोलू नये असं वाटतंय, आणि ॲप आपल्या मनाने पुढचं गाणं सुरू करतं, तेही टाळ्या वाजवत. सेटिंगमध्ये बंद करता येतं म्हणे, पण ते परत कधी चालू होतं कोण जाणे.

एलपी विकला मात्र नाही. रात्री लावतो, पहिली बाजू पूर्ण ऐकतो, सुई उचलली की उठतो, आणि तबकडी उलटी न करता सीडी तिसऱ्या गाण्यापासून सुरू करतो.