व्ही-क्रॉस पुढून लेव्हल करून 265/65 आर18 टायर: पावसाळा आणि घाट झाल्यानंतरचा अनुभव

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप गाडी रिकामी उभी असली की पुढून खाली आणि मागून उंच दिसते. मागच्या कमानपाट्यांना ओझे घ्यायचे असते, हौदा भरला की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. त्यामुळे पुढची बाजू उचलून मागच्या बरोबरीला आणणाऱ्या, म्हणजे गाडी लेव्हल करणाऱ्या चकत्या (स्पेसर) मागवण्याआधी एकच प्रश्न महत्त्वाचा: तुमच्या हौद्यात रोज काय असते? खताची पोती, जनरेटर, पाण्याच्या टाक्या नेत असाल तर पूर्ण लेव्हल करू नका. भरलेली गाडी पुढून उचलली जाते, स्टेअरिंग हलके पडते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आमची गाडी बहुतेक वेळा रिकामी किंवा तंबू-सामानाएवढ्या वजनाची असते, तरीही मागची बाजू पुढच्यापेक्षा पाव-अर्धा इंच उंचच ठेवली.

माप जमिनीपासून घेऊ नका. टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ उभे माप घ्या. गाडी सपाट फरशीवर हवी, टाकी भरलेली हवी, आणि जॅकवरून उतरवली असेल तर थोडी पुढे-मागे फिरवून मगच मोजा. चारही कोपरे लिहून ठेवा, नंतर वाद राहत नाही.

स्पेसर घेताना सगळ्यात जास्त गोंधळ जाडीवरून होतो. पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या (अप्पर) आणि खालच्या (लोअर) अशा दोन आर्मवर धरलेले असते, आणि स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरच्या जोडीचे) खालचे टोक लोअर आर्मच्या मधल्या भागात बसते, चाकापाशी नाही. म्हणून स्ट्रटच्या डोक्यावर 20 मिमीची चकती घातली की चाकापाशी साधारण 35 मिमी उंची मिळते. ‘दोन इंची किट’ म्हणजे दोन इंच जाडीची चकती की दोन इंच उचल, हे विक्रेत्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. दोन इंच जाडीची चकती या गाडीत घालणे धोक्याचे आहे. स्ट्रटच खाली सरकत असल्याने चाक लटकते तेव्हा ते पूर्वीपेक्षा जास्त खाली जाते, वरच्या बॉल जॉइंटची (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याची) वळायची मर्यादा संपते, अप्पर आर्म स्प्रिंगला टेकू शकतो आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट ताणला जातो. अप्पर आर्म न बदलता 35 मिमीच्या फार पुढे जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. स्प्रिंगखाली घालायच्या प्रीलोड चकत्यांचा (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या) त्रास वेगळा: उंची मिळते, पण चाक खाली जायला जागा कमी उरते आणि स्पीडब्रेकर उतरताना ‘टक्’ असा आवाज येतो.

फिटिंग अर्ध्या दिवसाचे काम आहे. डोक्यावरच्या चकतीसाठी स्प्रिंग दाबावी लागत नाही. पुढची दोन्ही चाके एकदम उचला, चेसिसखाली घोडे (स्टँड) लावा आणि स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा. एकाच बाजूची सोडली तर बार पीळ धरून बसतो आणि बोल्ट जुळत नाहीत. एबीएसची वायर आणि ब्रेकच्या होजची क्लिप आधी मोकळी करा. वरचा बॉल जॉइंट हातोड्याने नाही, पुलरने सोडवा; हातोड्याने त्याचा बूट (रबरी आवरण) फाटतो. तो सुटताच नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर कलंडतो, तेव्हा तो तारेने वर बांधून ठेवा, होजवर लटकू देऊ नका आणि बाहेर ओढू नका, नाहीतर अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट निसटतो. नायलॉनची कडी असलेले लॉकनट नवे घ्या. आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट ढिले केले असतील, तर ते गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण आवळा. चाक लटकत असताना आवळले की रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत चिरतो. गॅरेजमध्ये घाईत हीच पायरी गळते, म्हणून मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.

अलाइनमेंटला नुसते ‘टो’ (वरून पाहता चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून सोडणाऱ्या दुकानात जाऊ नका. पुढची उंची वाढली की कॅस्टर (बाजूने पाहता स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भटकते. कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव) लोअर आर्मच्या कॅम बोल्टने सुधारता येतात. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. कोकणात फिरलेल्या गाडीत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतात. आदल्या दोन-तीन दिवशी गंज सोडवणारे तेल मारत राहा. बोल्ट फिरवल्यावर बाहेरची खुणांची चकती फिरते पण आर्म हलत नाही असे दिसले, तर तिथेच थांबा आणि बोल्ट-बुश बदला.

आता टायर. कंपनीचा 255/60 आर18 चा व्यास 763 मिमी, 265/65 आर18 चा 802 मिमी. फरक 5 टक्के. 265/60 आर18 घेतला तर 775 मिमी, फरक दीड टक्का, आणि त्याला चकतीची गरजच नाही. मागच्या डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची लेव्हलिंगने एक मिलीमीटरही वाढत नाही. ती फक्त टायरने, व्यासाच्या वाढीच्या निम्मी, म्हणजे इथे 19 मिमी वाढते. दगडावर आपटणारा भाग बहुधा तोच असतो.

चकती घातली म्हणून टायर घासणार नाही, हा समज चुकीचा आहे. चाक पूर्ण वर दाबले जाते तेव्हा बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) तिथेच असतो, त्यामुळे फेंडरमधली जागा तेवढीच राहते. आमच्या गाडीत पूर्ण स्टेअरिंग तोडून रिव्हर्स घेताना मडफ्लॅपची आतली कड आणि फेंडरच्या आतल्या प्लास्टिक लायनरचा मागचा खालचा कोपरा घासत होता. लायनर हीट गनने गरम करून मागे दाबला, वरून एक जादा क्लिप मारली, मडफ्लॅप कापला. तरी एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर अशा तिरक्या अवस्थेत पूर्ण तोडले तर अजून हलकी घासणी ऐकू येते. कमी ऑफसेटचे, म्हणजे चाक बाहेर आणणारे रिम घातले असते तर ती वाढली असती, कारण बाहेर आलेला टायर मोठ्या वर्तुळात फिरतो. म्हणून कंपनीचेच रिम ठेवले. 265 मिमी रुंद टायरसाठी रिम किमान साडेसात इंच रुंद हवा. स्पोकच्या मागे कोरलेले असते, वाचा.

टायरची उंची सगळे विचारतात, वजन कोणी विचारत नाही. जाड कडेचा एलटी (लाइट ट्रक) टायर कंपनीच्या टायरपेक्षा प्रत्येकी कित्येक किलो जड असू शकतो, आणि ते वजन फिरणारे असते. गाडीचा वेग सावकाश वाढतो, ब्रेकला जास्त अंतर लागते, खराब रस्त्यावर चाक थडथडते. खडकाळ वाटा रोजच्या नसतील तर साधा ऑल-टेरेन घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका.

ताम्हिणी आणि आंबा घाटात फरक लगेच कळतो. गिअर 5 टक्के उंच झाल्यासारखे वागतात, जिथे तिसरा चालत होता तिथे दुसरा टाकावा लागतो. मायलेज महामार्गावर 13 वरून 11 दिसू लागले. पण ओडोमीटरही 5 टक्के कमी मोजतो, म्हणजे खरा आकडा साडेअकराच्या आसपास. स्पीडोमीटर 100 दाखवत असताना खरा वेगही पूर्वीपेक्षा 5 टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे द्रुतगती मार्गावर जीपीएसवर एकदा ताडून घ्या. ओल्या लाल मातीच्या चढावर आणि कातळावर पकड मात्र खरोखर सुधारली, त्याबद्दल तक्रार नाही.

हवेसाठी खडूची चाचणी करा: टायरवर आडवी रेघ ओढा, शंभर मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी.

देखभालीत पुढच्या अ‍ॅक्सलचे बूट सगळ्यात आधी. दर महिन्याला चाक पूर्ण तोडून, टॉर्च लावून बुटाच्या घड्या बघा. वरच्या बाजूला घड्या एकमेकींना टेकलेल्या असतील, तर तिथेच आधी चकाकी येते, मग बारीक चीर. वाळलेल्या चिखलाखाली ग्रीसचा डाग दिसत नाही, आधी धुवा. हेडलाइटची पातळी कामाआधी भिंतीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा आणि नंतर स्क्रूने तेवढीच खाली आणा.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. सस्पेन्शन आणि अ‍ॅक्सलची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

टायर चार नाही, पाच घ्या. फोर-व्हील लावलेली असताना एका चाकाचा व्यास वेगळा असला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो, त्यामुळे जुनी स्टेपनी फक्त टू-व्हीलमध्ये, हळू, पंक्चरच्या दुकानापर्यंतच. मोठी स्टेपनी हौद्याखाली टांगून झाल्यावर सायलेन्सर आणि पाट्यांपासूनचे अंतर हाताने तपासा. आणि गाडीसोबतच्या जॅकखाली ठेवायला सागाचा किंवा बाभळीचा जाड ठोकळा बरोबर असू द्या. उंच झालेल्या गाडीचे चाक नुसत्या जॅकने पुरेसे उचलले जात नाही.