प्रतिशब्द ४० पैसे, आणि माझेच लेख ‘चोरीचे’

मराठी लेख लिहायचं काम देतो म्हणणाऱ्या एका बनावट कंपनीपायी माझे रोख ७,३५९ रुपये गेले आणि २२ लेखांचे ७,९२० बुडाले. एकूण १५,२७९. आकडा लिहिताना लाज वाटते, पण सगळे आकडे लपवतात म्हणूनच या लोकांचं फावतं.

नोंदणी फी, व्हेरिफिकेशन, क्यूसी (कामाच्या दर्जाची तपासणी) फेल, मग वकिलाची नोटीस. हा क्रम बहुतेकांना माहीत आहे, मलाही होता. पण तो डेटा एंट्रीच्या नावाखाली फसवणाऱ्यांचा, असं मी धरून चालले. इथे मराठी लेख लिहायचे होते, पत्ता वाशीचा होता, आणि फोनवरची बाई ‘कि’ आणि ‘की’ मधली चूक दाखवून देत होती. शुद्धलेखनाची एवढी काळजी घेणारं माणूस लुबाडेल अशी शंका कुणाला येईल?

नोंदणीचे १,४९९. मग ‘अकाउंट व्हेरिफिकेशन’चे २,३६०, म्हणजे २,००० अधिक १८ टक्के जीएसटी. त्या पावतीवर सगळं उघड लिहिलेलं होतं. जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा कोड २७, गुजरातचा २४. तिसऱ्या ते बाराव्या जागेपर्यंत पॅन असतो, त्यामुळे क्रमांकातलं सहावं अक्षर पाहायचं: कंपनी असेल तर ‘सी’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. पावतीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’, क्रमांकात ‘पी’. पैसे भरायचा क्यूआर स्कॅन केल्यावर नावही एका माणसाचंच आलं. जीएसटी पोर्टलवर क्रमांक तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही. दोन मिनिटांचं काम होतं. काम देणारा लेखकाकडून पैसे घेत नाही, कोणत्याही नावाने घेत नाही.

खरी मेख पुढे आहे. ९०० शब्दांचा एक लेख, असे २२ लेख वर्ड फाइलमध्ये पाठवले. बिल मागितलं त्या दिवशी प्लॅगरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर कुठून उचललाय ते दाखवणारा अहवाल, आला: ९४ टक्के जुळणी, क्यूसी फेल. मी एक ओळही उचललेली नव्हती. हे लोक तुमचा लेख आधी स्वतःच्या एखाद्या फालतू पानावर टाकतात आणि मग तपासणी लावतात. टूल खोटं बोलत नाही, ते तुमचाच लेख तुमच्याविरुद्ध दाखवतं.

रिपोर्टमध्ये त्या पानाची लिंक होती. मी ती उघडली नाही. घाबरून टक्केवारीच बघत बसले, खुलासे लिहीत बसले. महिन्याभराने उघडली तेव्हा वॉटर प्युरिफायरच्या लेखात मी चुकून लिहिलेलं ‘मेंब्रन’ तिथेही तसंच होतं, आणि पानावरची तारीख मी लेख पाठवल्याच्या चार दिवसांनंतरची. तेव्हाच उघडली असती तर पुढचे ३,५०० वाचले असते.

लेख गूगल डॉक्समध्येच लिहा. व्हर्जन हिस्टरीत कोणता मजकूर कधी लिहिला ते राहतं. पैसे येईपर्यंत फक्त बघण्यापुरती लिंक द्या, डाउनलोड आणि कॉपी बंद करून. नमुना ३०० शब्दांच्या वर नको. पाच लेख झाले की बिल, आणि ते जमा होईपर्यंत सहावा नाही. दर, मुदत, क्यूसीचा निकष ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोन ‘रेफरन्स’ नंबर मागितले होते. ते कशासाठी, हे नंतर कळलं. करारभंगाचे ६,८०० भरा अशी नोटीस माझ्या सासऱ्यांच्या फोनवर गेली. वकिलाचा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक तिच्यावर नव्हता, खाली क्यूआर कोड मात्र होता. वकिलाच्या नोटिशीवर क्यूआर कशाला असेल! पण घरात रडारड झाली आणि ‘तडजोड’ म्हणून मी ३,५०० भरले. सासऱ्यांना रोज फोन जात असताना कायदा आठवत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो शेवटच्या व्यवहारानंतर तिसऱ्या दिवशी. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पैसे गेल्याच्या तासाभरात लावायचा असतो, यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, समोर ठेवून. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ठाणे शहरात माझ्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात ऐकवलं, “पत्ता वाशीचा आहे ना मॅडम, तिकडे जा.” ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला गेले, तर तिथे म्हणाले, पैसे ठाण्यातून गेले, तक्रार ठाण्यातच द्या. अशा तीन फेऱ्या. हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. त्या कलमाची प्रिंट घेऊन गेले. पोलिसांनी ती वाचलीच नाही. “सात हजारांसाठी एवढं?” असं विचारलं. होय, सात हजारांसाठीच! ४० पैशांच्या दराने ते कमवायला साडेसतरा हजारांहून जास्त शब्द लिहावे लागतात. आणि असे सात-सात हजार किती जणींचे गेले असतील, हे त्या खुर्चीत बसून कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. शेवटी सायबर पोर्टलवर लेखी तक्रार टाकली. तिथे अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.

लेखांचे हक्क लिहून, सही करून दिल्याशिवाय दुसऱ्याचे होत नाहीत. मी असं काहीही दिलेलं नव्हतं. म्हणून गूगलचा कॉपीराइटचा अर्ज प्रत्येक पानाची लिंक देऊन भरला. ९ पानं सर्चमधून गेली, १३ अजून दिसतात. ‘मेंब्रन’वालं त्या तेरातच आहे.