कार्ड कंपनीचे ईमेल : सूचना चोख, जाहिराती घातक

या क्रेडिट कार्डाच्या सवलतींविषयी येथे काही लिहायचे नाही. परीक्षण करायचे आहे ते कंपनीकडून येणाऱ्या ईमेलचे, कारण खरा ईमेल कसा दिसतो हे ठाऊक असल्याखेरीज बनावट ओळखता येत नाही.

व्यवहाराच्या सूचनेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मडगावच्या दुकानात कार्ड वापरले की पावती हातात पडेपर्यंत ईमेल येतो. त्यात ग्राहकाचे नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम आणि दुकानाचे नाव असते, आणि दाबण्यासाठी कोणतेही बटण नसते.

याच्याशेजारी चवथीच्या तोंडावर आलेला बनावट ईमेल ठेवून पाहिला. बोधचिन्ह हुबेहूब होते आणि कार्डाचे अंकही दिले होते, पण ते पहिले सहा. हे अंक कार्ड देणाऱ्या संस्थेची ओळख सांगतात आणि तिच्या हजारो ग्राहकांच्या कार्डांवर तेच असतात, त्यामुळे ते जुळले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. (शेवटचे चार अंकही पेट्रोल पंपाच्या पावतीवर छापलेले असतात, हे विसरू नये.) पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचे नाव झळकत होते; त्यावर बोट ठेवल्यावर उघड झालेल्या पत्त्यातही ते नाव होते, मात्र ‘ॲट’ या चिन्हाच्या आधी, जिथे कोणीही काहीही लिहू शकतो. त्या चिन्हानंतरचे नाव भलतेच होते. ‘पॉइंट आज रात्री रद्द होतील’ अशी घाई करून मजकूर थेट कार्ड क्रमांक आणि ओटीपी मागणाऱ्या पानावर नेत होता.

माझी तक्रार अशी की, कंपनीचे खरे जाहिरात-ईमेलही अगदी याच थाटाचे असतात. ‘शेवटची संधी’ ही तीच भाषा, आणि लिंक उघडते ती जाहिरात पाठवणाऱ्या तिसऱ्याच संस्थेच्या पत्त्यावरून. ग्राहक सेवेकडे विचारणा केली असता ‘मेल आमचाच आहे, लिंक उघडा’ असे बेफिकीर उत्तर मिळाले. सावध राहा म्हणून बजावायचे आणि सवय मात्र उलटी लावायची, हा प्रकार अक्षम्य आहे.

ॲपविषयी तक्रार नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या निर्देशानुसार द्यावी लागणारी कार्ड चालू-बंद करण्याची सोय पहिल्याच पानावर आहे, आणि पॉइंटची खरी स्थिती लिंकला हात न लावता तिथेच पाहता येते. चुकून कोणी माहिती भरलीच, तर कार्ड तत्काळ बंद करून कंपनीला कळवावे आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्याच 2017 च्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान कळवेपर्यंत त्याच्या माथी असते, कळवल्यानंतरचे बँकेच्या.

जाहिरातींचे ईमेल बंद करण्याचा पर्यायही ॲपमध्ये आहे, फक्त तो ‘प्रोफाइल’च्या तळाशी, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवलेला आहे.