गोकू की सैतामा?

‘ड्रॅगन बॉल’चा गोकू आणि ‘वन पंच मॅन’चा सैतामा, दोघंही जपानी ॲनिमेचे हिरो; भिडले तर जिंकेल कोण? सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर भडंगाचा पुडा फुटला की हा वाद हटकून निघतो, आणि बहुतेक पोरं गोकूच्या बाजूची. कारणंही आहेत. नामेक ग्रहावर जाताना यानात तो पृथ्वीच्या १०० पट गुरुत्वाकर्षणात व्यायाम करतो. पुढं अल्ट्रा इन्स्टिंक्ट हे रूप आलं की डोक्यात विचार यायच्या आधीच अंग वार चुकवतं. शिवाय इन्स्टंट ट्रान्समिशन, क्षणात दुसरीकडं पोचायची विद्या, म्हणजे कधी पाठीमागं उभा राहील नेम नाही.

सैतामाची मेहनत ऐकून कुंडलच्या मैदानातला पैलवान हसेल: रोज १०० पुशअप, १०० सिटअप, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं. बस्स! टक्कल पडलं ते वेगळंच. पण मूळ जपानी चित्रकथेत (मांगा) गारो या खलनायकाशी झुंजताना त्याची ताकद लढता लढताच वाढत गेली, आणि त्याच्या नुसत्या शिंकेनं गुरू ग्रहाचा मोठा भाग उडाला. गोकूला वाढायला नवं रूप लागतं, दमही संपतो. सैतामाला डाव येत नाहीत, पण त्याला लागतात कुठं?

गुणांवर कुस्ती असेल तर गोकू. चितपट करायची असेल तर सैतामा, डोळे झाकून. त्यात गोकूला खोड अशी की मजा यावी म्हणून समोरच्याला पूर्ण जोर लावू देतो. तिथंच मार खाणार गडी.