कुबडीचं रबर: आतली चकती चाचपून घ्या

सदाशिव पेठेतल्या सर्जिकल दुकानांत कुबडीच्या टोकाचं रबर मागितलं की साधारण दोन तऱ्हा पुढे येतात. एक स्वस्तातलं, कडक, तळाला उथळ खाचा. कोरड्या फरशीवर चालतं, पावसाळ्यात ओल्या शहाबादीवर सरकतंच. दुसरं मऊ, रुंद तळाचं, आत पोलादी चकती असलेलं. घ्यायचं तर हेच. चकती नसली की कुबडीच्या नळीची कड रबर आतून कापत जाते आणि एक दिवस नळी थेट फरशीला टेकते. बोट घालून चाचपा, लगेच कळतं.

माप नळीच्या बाहेरून, शक्यतो व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीनं) घ्यावं. 19 आणि 22 मिमी नजरेला सारखेच वाटतात. बसवताना तेल नको, फिरवत दाबा. खाचा बुजल्या की दोन्ही बाजूंचं बदला.

काखेची फोमची गादी मात्र फसवी. लाकडी दांड्याला चिंध्या गुंडाळायचे दिवस गेले म्हणून काही तिच्यावर रेलायचं नसतं. काखेखाली दोन-तीन बोटं अंतर हवं, नाहीतर मज्जातंतू दबून मनगट लुळं पडू शकतं. भार तळहातांवर येतो, तेव्हा पैसे मुठीच्या गादीवर घाला. कोपराच्या, म्हणजे कोपराखाली हाताला कडं बसणाऱ्या, कुबडीत काखेचा प्रश्नच उरत नाही.