आधी 'द शॅक' की 'सायलेन्स'?

"ताये, ह्यातला पयला खयचा वाचू?" ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर मावसबहीण आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी दोन कादंबऱ्या घेऊन आली. विल्यम पॉल यंग यांची 'द शॅक' (२००७) आणि शूसाकू एन्डो यांची 'सायलेन्स' (१९६६). मी तिला उलट विचारलं, "तुका कोणाक माफ करूचा आसा, की तुकाच माफी व्हयी?" माझ्या मते निवड इथेच होते.

'द शॅक'मधल्या मॅकच्या धाकट्या मुलीचा खून झालाय. जिथे तिचा रक्ताळलेला फ्रॉक सापडला, त्याच खोपटात देव त्याला भेटायला बोलावतो. इथला देवपिता म्हणजे स्वयंपाकघरात रमलेली कृष्णवर्णीय बाई, आणि पवित्र आत्म्याचं नाव सरयू! यावर अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनी आक्षेप घेतले. मला मात्र त्यातलं क्षमेबद्दलचं बोलणं मोलाचं वाटतं. क्षमा करणं म्हणजे विसरणं नव्हे, समोरच्याच्या गळ्यावरचा आपला हात काढणं. आणि माफ केलं म्हणून नातं पुन्हा जुळतंच असं नाही. भाषा सोपी आहे, चार दिवसांत वाचून होते. संवाद मात्र लांबतात, आणि देवाकडे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. मूल गमावलेल्या घरात हे पुस्तक, त्यात काय आहे ते आधी न सांगता, देऊ नका.

'सायलेन्स'मध्ये देव जवळजवळ शेवटपर्यंत गप्पच असतो. सतराव्या शतकात रॉड्रिग्ज हा जेझुइट या कॅथलिक संघातला पोर्तुगीज धर्मगुरू गोव्यामार्गे जपानला जातो. तिथे ख्रिस्ती होणं म्हणजे मरण. गावकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधतात आणि भरती त्यांच्या अंगावर चढत राहते. आपण किनाऱ्यावरची माणसं, भरती किती सावकाश चढते ते आपल्याला ठाऊक आहे. ती पानं मला एका दमात वाचवली नाहीत.

पण पुस्तक खरं किचिजिरो या जपानी ख्रिस्ती माणसाचं आहे. तो जिवाच्या भीतीने धर्म सोडतो, धर्मगुरूलाही पकडून देतो आणि पुन्हा पुन्हा कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, येतो. रॉड्रिग्जला त्याची किळस येते. तरी पापमुक्तीचे शब्द त्याला उच्चारावेच लागतात, मनात माया असो वा नसो. पुढे छळ सोसणाऱ्या इतरांचा जीव वाचवायला स्वतः रॉड्रिग्जलाच, धर्म सोडल्याची खूण म्हणून, ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागतो. असंख्य पावलांनी त्या प्रतिमेवरचा चेहरा झिजून खोलगट झालेला. आपल्या वाटेवरच्या खुरसाचा (क्रूसाचा) पायथा भक्तीच्या हातांनी गुळगुळीत होतो. तिथे ख्रिस्ताचा चेहरा भित्र्यांच्या पायांनी झिजला. त्या भित्र्यांसाठी देवाकडे जागा आहे का, हा एन्डोंचा प्रश्न आहे, आणि तो मला कुठल्याही प्रवचनापेक्षा खोल नेतो.

मला एकच ठेवायचं झालं तर मी 'सायलेन्स' ठेवीन. पण घाव ताजा असेल आणि राग उतरत नसेल, तर आधी 'द शॅक'च.

बहिणीने 'द शॅक' पिशवीत टाकली. सख्ख्या भावाशी तिचं जमिनीवरून बोलणं बंद आहे.